नोकराची सही आणि मालकाचा शब्द

(खडकवासला येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, असे आताच प्रास्ताविकात सांगितले गेले. माझे वडीलही तेच करत. भवानी पेठेतल्या एका भुसार मालाच्या पेढीवर ते दिवाणजी होते. त्यामुळे निमंत्रण आले तेव्हा विषय शोधत बसावे लागले नाही. दुसऱ्याच्या वतीने सही करणारा माणूस, हाच माझा आजचा विषय.

सुरुवात एका कागदापासून करतो. माझ्याकडच्या एका जुन्या फायलीत एक चलान आहे. पातळ गुलाबी कागद, कार्बनची निळी अक्षरे, वर गाडीचा नंबर, खाली ‘क्रश सँड, ३ ब्रास’. उजव्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा गोल शिक्का, त्यात एका बांधकाम कंपनीचे नाव, आणि शिक्क्यावरून गेलेली घाईची सही. हे चलान ज्याचे, तो याच पट्ट्यातला, धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावचा तरुण. जमीन थोडी, दोन डंपर कर्जाने घेतलेले. सिंहगड रोडला एका मोठ्या कामावर तो खडी आणि क्रश सँड टाकत असे. फोन यायचा तो साइटच्या सुपरवायझरचा. रात्री गाडी लागली की वॉचमन गेट उघडायचा. सुपरवायझर टॉर्च मारून हौद्यातला माल बघायचा, टेप लावून माप घ्यायचा आणि पत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन शिक्का मारून आणायचा. महिनाअखेर चलाने जोडून बिल जायचे, कंपनीचा चेक यायचा. सहा महिने असे सुरळीत चालले. सातव्या महिन्याचा चेक आला नाही, आठव्याचाही नाही.

त्याने चकरा मारल्या. सुपरवायझर काम सोडून गेलेला. शेवटी नोटीस दिली, तिला कंपनीच्या वकिलांचे उत्तर आले. त्यातले एक वाक्य मी वकिलीत इतक्या वेळा वाचले आहे की ते डोळे मिटूनही लिहू शकेन: सदर इसमास आमच्या वतीने माल मागविण्याचा कोणताही अधिकार नव्हता व नाही. तो पोरगा माझ्यासमोर बसून त्या ओळीवरून बोट फिरवत होता. मग मान वर करून म्हणाला, “साहेब, मग गेट कोणाचं होतं?”

कायद्याची इतकी पुस्तके वाचली, पण या विषयाचा गाभा इतक्या थोड्या शब्दांत मला कोणी सांगितला नव्हता.

पुस्तकांत याला नाव आहे ‘भासमान प्राधिकार’. भाषांतर म्हणून ते बरोबर असेल, मला मात्र तो शब्द खटकतो. भास म्हणजे जे नाही ते दिसणे. त्या पोराला जे दिसले ते तिथे खरोखर होते. गेट होते, शिक्का होता, केबिन होती, मागच्या महिन्याचा वटलेला चेक होता. म्हणून मी आज ‘दिसता अधिकार’ असे म्हणणार आहे.

आपला करार कायदा १८७२ सालचा. नोकर पगारी असो की कमिशनवर, मालकाच्या वतीने तिसऱ्या माणसाशी व्यवहार करायला त्याला बसवले की त्या कामापुरता तो मालकाचा एजंट, म्हणजे अभिकर्ता, होतो. त्याला दिलेला अधिकार लेखी असेल, तोंडी असेल, किंवा नुसत्या वहिवाटीतून आलेला असेल. कलम १८७ खालचे उदाहरण सोपे आहे. मालक राहतो कलकत्त्याला, दुकान श्रीरामपूरला. आपल्या नगरकडचे नव्हे, बंगालमधले श्रीरामपूर. मालक अधूनमधून येऊन जातो. दुकान बघणारा माणूस एका व्यापाऱ्याकडून मालकाच्या नावाने माल मागवतो आणि मालकाच्याच पैशांतून, मालकाला ठाऊक असताना, पैसे भागवतो. कायदा म्हणतो, त्या व्यापाऱ्याकडून माल मागवायचा अधिकार त्याला आहे. कागदावर तो लिहिलेला नसला तरी चालते.

पुढचे पाऊल कलम २३७ मध्ये आहे. नोकराने अधिकार ओलांडला, तरीही मालकाने आपल्या बोलण्याने किंवा वागण्याने समोरच्याचा समज करून दिला असेल की हे याच्या अधिकारातलेच आहे, तर मालक बांधला जातो. उदाहरण असे: मालकाने आपला माल विकायला दुसऱ्याकडे पाठवला आणि अमुक भावाखाली विकू नकोस असे बजावले. ते बजावणे गिऱ्हाइकाला माहीत नाही. त्याने कमी भावात सौदा केला. सौदा पक्का. मालक आणि नोकर यांच्यात आतल्या खोलीत काय ठरले होते, याचा भार बाहेरच्या माणसाच्या डोक्यावर येत नाही.

यात सगळ्यांत जास्त वजन ‘मालकाने’ या शब्दाला आहे. समज मालकाच्या वागण्यातून उपजलेला पाहिजे. नोकर आपल्या तोंडाने ‘मला सगळे अधिकार आहेत’ असे शंभरदा म्हणाला, तरी त्याने अधिकार तयार होत नाही. १९६४ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात लॉर्ड जस्टिस डिप्लॉक यांनी एका कंपनीच्या खटल्यात हे फार स्वच्छ मांडले आणि आपल्याकडचे वकीलही तेव्हापासून त्या निकालाचा आधार घेत आले आहेत. म्हणून अशा दाव्यात वकिलाने सुपरवायझर काय म्हणाला यावर वेळ घालवू नये. मालकाने काय केले, काय होऊ दिले, कशाचे पैसे मुकाट्याने भागवले, ते शोधावे.

वडिलांच्या पेढीवर हे कोणी पुस्तकातून शिकले नव्हते. एक गुमास्ता पेढी सोडून गेला, तेव्हाची गोष्ट घरात अनेकदा निघायची. तो गेला त्याच दिवशी शेटजींनी वडिलांना बाजारात पाठवले. ज्या ज्या अडत्याकडे त्या गुमास्त्याची जा-ये होती त्या प्रत्येक दुकानी जाऊन सांगायचे की अमका आजपासून आपल्याकडे नाही, त्याच्या हाती माल देऊ नका. वडील दिवसभर उन्हात फिरले. संध्याकाळी शेटजींनी पहिला प्रश्न विचारला, “कोण राहिलं?” दोन दुकाने बंद होती, म्हणून राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील चहा न घेता तिकडे गेले. वर्तमानपत्रात आजही आपण जाहीर नोटिसा पाहतो: खालील छायाचित्रातील इसम आमच्याकडे कामास नाही, त्याच्याशी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही. अनेकांना त्या नोटिशीत माणसाची बेअब्रू तेवढी दिसते. कलम २०८ मात्र शेटजींनी केले तेच सांगते. नोकराचा अधिकार काढून घेतला, तरी बाहेरच्यांना ते कळेपर्यंत त्यांच्यापुरता अधिकार जिवंत असतो. त्या कलमाखालचे उदाहरण मुंबईच्या वखारीतल्या कापसाचे आहे. मद्रासचा मालक एका पत्राने कापूस विकायला सांगतो, दुसऱ्या पत्राने ‘विकू नको’ म्हणतो. नोकर दुसरे पत्र लपवतो, कापूस विकतो, पैसे घेऊन पळतो. विकत घेणाऱ्याने पहिले पत्र पाहिलेले, दुसरे नाही. त्याने दिलेले पैसे मालकाला पोचले असेच धरले जाते.

आता तुम्हाला अडीचशे वर्षे मागे नेतो, इथून डोंगर ओलांडून मावळात. नोकराच्या अधिकाराचा इतका मोठा तंटा पुण्याच्या परिसरात दुसरा झालेला नाही, आणि तो कुठल्या न्यायालयात गेला नाही. ही हकिगत आपण लढाई म्हणून सांगतो. एका वकिलाच्या नजरेने ती पाहिली की वेगळी दिसते.

तेव्हा आपल्या दारात आलेले इंग्रज ही एक व्यापारी कंपनी होती. लंडनला भागधारक आणि संचालक, इकडे त्यांचे चाकर. मुंबईचा गव्हर्नर कंपनीचा चाकर आणि कलकत्त्याचा गव्हर्नर जनरलही कंपनीच्याच चाकरीत. १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टने मुंबईकरांचे हात बांधले: अगदी निकड असल्याखेरीज कलकत्त्याच्या मंजुरीवाचून युद्ध किंवा तह करायचा नाही. तरी मार्च १७७५ मध्ये मुंबईने सुरतेस, पेशव्यांच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांशी तह केला. कलकत्त्याने तो मानला नाही. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुणे दरबाराशी पुरंदरचा तह झाला. एकाच पेढीचे दोन मुनीम, एकाने केलेला सौदा दुसऱ्याने मोडलेला. मुंबईकरांनी पुरंदरच्या तहाचीही बूज राखली नाही. नोव्हेंबर १७७८ मध्ये राघोबांना बरोबर घेऊन सुमारे ३,९०० जणांची फौज मुंबईहून निघाली.

फौजेवर सेनापती होताच, पण खरी सत्ता एका कमिटीकडे. कार्नॅक, कर्नल एगर्टन आणि पूर्वी पुण्यास वकील म्हणून राहिलेला मॉस्टिन. मॉस्टिन मोहिमेच्या आरंभीच आजारी पडून वारला. कॅप्टन स्टुअर्ट, ज्याला आपली माणसे ‘इष्टुर फाकडा’ म्हणत, कार्ल्याजवळ मारला गेला. एगर्टनची प्रकृती ढासळली आणि फौजेचे नेतृत्व कॉकबर्नकडे गेले. जानेवारीत फौज तळेगावला पोचली तो गाव जाळून ओसाड केलेला, दाणा नाही, वैरण नाही. कमिटीने माघारीचा निर्णय घेतला, जड तोफा तळ्यात टाकल्या आणि रात्री मागे फिरले. वडगावला महादजी शिंद्यांच्या आणि दरबारच्या फौजांनी त्यांना वेढले.

इथून पुढे माझा विषय सुरू होतो. बोलणी करायला कमिटीने आपला सचिव फार्मर याला पाठवले. मराठ्यांनी आधी राघोबा मागितले, मग साष्टीसह आधी घेतलेला मुलूख परत देण्याचा करार मागितला. फार्मरने सांगितले की कलकत्त्याच्या मंजुरीशिवाय असा करार करण्याचा अधिकार कमिटीला नाही. इतिहासकार ग्रँट डफने महादजींचे उत्तर नोंदवले आहे. त्याचा आशय असा की, कर्नल अप्टनने केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला होता, तो आधी दाखवा.

हे उत्तर वाचताना प्रत्येक वेळी मी थबकतो. कलम २३७ लिहिले जाण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, वेढा घालणाऱ्या छावणीत उभा राहून एक सेनापती तोच मुद्दा मांडतो आहे. तुमचा अधिकार कागदावर काय आहे ते मला सांगू नका. तुम्ही तह मोडता, फौज आणता, राघोबांना गादीवर बसवायला निघता, आणि तुमची पेढी हे सगळे होऊ देते. तुमचा अधिकार मला तुमच्या पेढीच्या वागण्यात दिसतो आहे. म्हणजे पुन्हा तेच: गेट कोणाचे होते?

कमिटीने शेवटी सही केली. जानेवारी १७७९ च्या मध्यावरची ही गोष्ट. १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचा, बंगालहून येणारी गॉडर्डची फौज थांबवायची, भडोचचा वाटा शिंद्यांना, शिवाय त्यांच्या माणसांना ४१,००० रुपये. राघोबांनी आधीच स्वतःला महादजींच्या हवाली केले होते. हमी म्हणून फार्मर आणि चार्ल्स स्टुअर्ट (कार्ल्याजवळ पडलेला स्टुअर्ट वेगळा) हे दोघे ओलीस राहिले. फौज सुखरूप मुंबईकडे निघाली. घाट उतरल्यावर कमिटीने पहिले काम कोणते केले, तर गॉडर्डला धाडलेला थांबण्याचा हुकूम स्थगित ठेवला. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याने करार नाकारला, कलकत्त्यानेही नाकारला. कारण तेच, जे माझ्या फायलीतल्या नोटिशीच्या उत्तरात आहे: सदर इसमांस अधिकार नव्हता.

आता वकील म्हणून मला खरे बोलले पाहिजे, जरी ते आपल्या मनाला रुचणार नाही. नुसत्या दिसत्या अधिकारावर महादजींचा दावा उभा केला असता तर तो कच्चा पडला असता. दिसत्या अधिकाराचा सारा आधार बाहेरच्या माणसाच्या प्रामाणिक अज्ञानावर असतो. अधिकार नाही असे ज्याला तोंडावर सांगितले, त्याला ‘मला वाटले होता’ असे म्हणता येत नाही. फार्मरने सांगितले होते. आणि महादजींना ते पटलेही असावे, कारण ज्याचा सहीवर पुरता भरवसा आहे तो ओलीस मागत नाही. शिवाय वेढा घालून घेतलेली सही राजीखुशीची कशी, असाही प्रश्न कंपनीच्या वकिलाने उभा केला असता.

पण कंपनीची दुसरी बाजू याहून वाईट आहे आणि तिथे माझे मन पूर्णपणे महादजींच्या बाजूने आहे. करार कायद्याचे कलम १९९ सांगते की नोकराने अधिकाराबाहेर केलेला व्यवहार मालकाला मंजूर करायचा असेल तर तो सगळा मंजूर करावा लागतो. फायद्याचा तुकडा उचलायचा आणि देण्याचा तुकडा टाकायचा, असे चालत नाही. वडगावच्या व्यवहारात कंपनीला मिळाली ती आपली अख्खी फौज, जिवंत. ती तिने ठेवून घेतली. पुढे त्याच माणसांच्या बळावर लढाई चालू ठेवली. गॉडर्ड सुरतेला पोचला. जे द्यायचे होते त्यापुरता मात्र ‘अधिकार नव्हता’. भडोचबद्दल तर मुंबईकरांनी ठरवले की शिंद्यांना दिलेले ते वचन पाळणे हिताचे आहे, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर भडोच शिंद्यांना खरोखर मिळाले. म्हणजे एकाच कागदातले एक कलम खरे, बाकीची खोटी. माझ्या मते ही अर्धी मंजुरी हाच वडगावचा खरा विश्वासघात आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यावर दोन ओळीही नसतात याचे मला वाईट वाटते.

आणि ज्यांनी सही केली त्यांचे काय झाले? संचालकांनी कार्नॅक, एगर्टन आणि कॉकबर्न या तिघांना नोकरीतून काढून टाकले. फार्मर आणि स्टुअर्ट पुढच्या वर्षी महादजींनी सोडेपर्यंत त्यांच्या ताब्यात होते. आपल्या कायद्याचे कलम २३५ अशाच माणसासाठी आहे. अधिकार नसताना आहे असे दाखवून ज्याने दुसऱ्याला व्यवहारात ओढले, त्याची मालकाने बाजू घेतली नाही, तर नुकसानभरपाई त्याच्या खिशातून. पंधरा-वीस हजार पगाराच्या सुपरवायझरला हे कलम माहीत नसते. साहेबाने फोनवर सांगितले, ‘तू मागव, मी बघतो,’ म्हणून तो शिक्का मारतो. साहेब नंतर तो फोन विसरतो. लेखी काही नसते. अशी कितीतरी माणसे मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पाहिली आहेत. दोन्ही बाजूंचे वकील त्यांना खोटारडे ठरवत असतात आणि त्यांचा गुन्हा इतकाच की त्यांनी सांगितलेले काम केले.

मराठ्यांच्या दफ्तरात या दुखण्यावर एक सुंदर उपाय होता. पत्र संपले की शेवटच्या ओळीला लागून एक छोटा शिक्का उमटायचा, ‘मर्यादेयं विराजते’ असा. त्याला मोर्तब म्हणत. इथवरचाच मजकूर धन्याचा, याखाली कोणी एक अक्षर वाढवले तर ते त्याचे नाही. कारकुनाच्या हाताला दिलेली मर्यादा बाहेरच्याला डोळ्यांनी दिसायची. आज आपण कंपनीचे लेटरहेड छापतो, रबरी शिक्के डझनाने करतो आणि मर्यादा मात्र कपाटातल्या ठरावात ठेवतो.

आपल्या रोजच्या जगण्यातले दोन निकाल सांगतो. आयुर्विम्याचा एजंट घरी येतो, चहा घेतो, हप्त्याचा चेक घेऊन जातो, हे आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात घडलेले आहे. सर्वोच्च न्यायालयासमोर १९९७ साली असे प्रकरण आले. एजंटाने हप्त्याची रक्कम घेतली आणि ती कार्यालयात भरली जाण्याआधीच विमेदार अपघातात गेला. न्यायालयाने पाहिले की आयुर्विमा महामंडळाच्या नियमांत एजंटाने हप्ता घेऊ नये असे स्पष्ट आहे आणि महामंडळाने स्वतःच्या वागण्याने उलटा समज करून दिल्याचा पुरावा नाही. म्हणून तो हप्ता महामंडळाला पोचला असे धरले नाही. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, दुसरे प्रकरण आले. पगारातून हप्ता कापण्याच्या योजनेत दिल्लीच्या वीज उपक्रमाने आपल्या एका कर्मचाऱ्याचे हप्ते वेळेवर भरले नाहीत, कर्मचारी वारला. इथे न्यायालयाने विधवेची बाजू घेतली. कारण ती योजना महामंडळानेच आखलेली, आणि हप्ता मालकाकडे द्या असे त्यानेच कर्मचाऱ्यांना सांगितलेले. दोन्ही निकालांत तर्क एकच आहे: बाहेरच्या माणसाला त्या दारापर्यंत कोणी आणले? दुसऱ्या निकालात उत्तर स्वच्छ आहे. पहिल्या निकालाबद्दल मात्र माझ्या मनात खंत आहे. वर्षानुवर्षे गावोगाव एजंट हप्ते गोळा करत होते, हे महामंडळाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. नियम छापून ठेवायचा आणि वहिवाट चालू द्यायची, यात वहिवाट जास्त बोलकी मानली पाहिजे.

१९७८ सालचा स्टेट बँकेचा एक निकाल विधवेच्या निकालाच्या उलट टोकाचा आहे आणि तो मला पटतो. बँकेत नोकरीला असलेल्या शेजाऱ्याच्या हाती, ओळखीपोटी, खात्यात भरायला पैसे दिले गेले आणि त्याने ते खाल्ले. न्यायालय म्हणाले, ते पैसे त्याला शेजारी म्हणून दिले होते, बँकेचा माणूस म्हणून नव्हे. माणूस तोच, पण तो कुठे उभा राहून पैसे घेतो याने फरक पडतो. काउंटरच्या आतला हात बँकेचा, वाड्याच्या ओट्यावरचा हात त्याचा स्वतःचा.

खडकवासल्यात बोलताना सरकारचा उल्लेख टाळून चालणार नाही. या गावाच्या अंगाखांद्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, १९१६ पासूनची जल व विद्युत अनुसंधानशाला आहे, धरण आणि मुठा कालवा आहेत. दूध, भाजी, गाड्या, मजूर, दुरुस्ती, यांतले काही ना काही पुरवणारे इथे आज बसलेले असतील. त्यांना मी हात जोडून सांगतो की सरकारी दारात दिसता अधिकार चालत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे सरकारचा करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावाने, अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच, ठरलेल्या रीतीने केलेला असावा लागतो. साहेबाने जीपमधून उतरून ‘उद्यापासून माल टाका’ म्हटले, त्याला कायद्यात काडीचे वजन नाही. सुरुवातीला न्यायालय थोडे सैल होते. आपल्या भंडाऱ्याच्या १९५१-५२ च्या लोकसभा निवडणुकीचा तंटा १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवार जसानी एका विडीच्या कंपनीत भागीदार होते आणि त्या कंपनीचा माल सरकारी कँटीन स्टोअर्सला जात होता. करार अनुच्छेदाच्या साच्यात बसणारा नव्हता, तरी तो अगदीच शून्य नाही असे म्हणून न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवले. पुढच्या निकालांनी दार घट्ट लावले. १९६० च्या दशकात असा करार मुळातच निष्फळ, आणि सरकारच्या वागण्यावर विसंबून तो तगवताही येत नाही, असे ठरले. एक फट तेवढी उरली, तीही मोलाची. बंगाल सरकारच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ज्याने बांधकाम करून दिले होते, त्याला डिसेंबर १९६१ च्या निकालाने करार कायद्याच्या कलम ७० खाली मोबदला मिळाला. सरकारने काम स्वीकारले, त्याचा उपभोग घेतला, म्हणून. सरकारी तिजोरी जनतेची आहे, तिला एका साहेबाच्या तोंडी शब्दाने भोक पडू नये, हे मला कळते. पण काम करून घेताना सरकारच्या दारात जे दिसते आणि बिलाच्या वेळी जे सांगितले जाते, यांत एवढे अंतर लहान माणसाला परवडत नाही.

आता त्या गुलाबी चलानाकडे परत येतो. थकलेली चलाने चौदा होती. आम्ही शिवाजीनगरला दिवाणी दावा लावला. कंपनीने आपला ठराव हजर केला: माल मागवण्याचा अधिकार फक्त खरेदी विभागाला. ठराव खरा होता, मी त्यावर वाद घातला नाही. मी त्या पोराच्या बँकेचा उतारा आणला. आधीच्या सहा महिन्यांत कंपनीचे सहा चेक वटलेले, आणि त्या सहाही बिलांना जोडलेली चलाने त्याच सुपरवायझरच्या सहीची, त्याच जांभळ्या शिक्क्याची. एकाही बिलावर खरेदी विभागाची ऑर्डर नव्हती. कंपनीच्या हिशेबनिसाला मी उलटतपासात विचारले की त्या वेळी हरकत का घेतली नाही. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “तेव्हा काम अर्जंट होतं.”

एक गोष्ट लपवणार नाही. चौदापैकी दोन चलानांवर उतरवण्याची जागा वेगळी होती. साइटपासून दूर, एका गावातला प्लॉट. विचारल्यावर पोराने सांगितले की सुपरवायझर म्हणाला होता, ही गाडी तिकडे टाक, बिलात धरू. तो प्लॉट सुपरवायझरच्या नात्यातला निघाला. कंपनीच्या कामावर कंपनीचा नोकर वाळू मागवतो, यात शंका घ्यायचे कारण नसते. तोच नोकर भलत्या गावी गाडी वळवायला सांगतो, तेव्हा मात्र विचारायला हवे. त्या दोन चलानांचे पैसे आम्ही दाव्यातून स्वतः सोडले. पोराला ते जड गेले, डिझेल तर त्याचेच जळले होते. तरी त्याने सही केली. पाच वर्षांनी तडजोड झाली, बारा चलानांचे मुद्दल मिळाले, व्याज नाही. दरम्यान एक डंपर फायनान्सवाल्यांनी ओढून नेला होता.

आता त्याच्याकडे पुन्हा दोन गाड्या आहेत. परवा मला तो नवे चलानबुक दाखवायला आला होता. त्यात त्याने एक रकाना जास्तीचा छापून घेतला आहे: माल कोणी मागवला, त्याचा हुद्दा, आणि ऑफिसचा फोन. नव्या साइटवर पहिली गाडी लागली की तो ड्रायव्हरला फाळक्याला हात लावू देत नाही. ऑफिसला फोन लावतो, स्पीकर चालू करतो, सुपरवायझरला शेजारी उभा करतो. कधी दहा मिनिटे जातात, कधी अर्धा तास. मागे गाड्यांची रांग लागते, वॉचमन ओरडतो. तिकडून कोणीतरी नाव सांगून “हो, उतरवून घ्या” म्हणते. ते नाव तो कार्बन नीट बसवून रकान्यात लिहितो, आणि मग फाळका पडतो.